मैलभर लांब गाडीची दोन टोकं: अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या जुन्या मालगाडीवाल्यांना काय आठवतं

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या मध्यभागातल्या जुन्या मालगाड्यांच्या फोटोत शेवटी एक लाल डबा दिसतो आणि त्यात माणसं बसलेली असतात. एका मालगाडीवर पाच-पाच माणसं काय करायची? आता दोघांत कसं भागतं? आणि तेव्हा काम केलेल्यांना नेमकं काय आठवतं?

थोडक्यात सांगायचं तर गाडी मैलभर लांब असायची आणि तिच्या दोन टोकांना एकमेकांशी बोलता येत नसे. मागचा डबा, कंदील, शिट्ट्या, कागदी हुकूम, पाच माणसं, हे सगळं त्या एका अडचणीपायी होतं. अडचण सुटत गेली तशी माणसं कमी होत गेली. आता सविस्तर.

मी मूळचा भुसावळचा. बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, वडील मालगाडीचे गार्ड. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोठ्या भावाने बोलावून घेतलं म्हणून इलिनॉयला गेलो आणि तिथेही रेल्वेतच चिकटलो, ब्रेकमन म्हणून, म्हणजे गाडीचे ब्रेक आणि डब्यांची जोडणी पाहणारा. 'यासाठी सातासमुद्रापार गेलास का?' असं वडिलांनी पत्रात विचारलं होतं. पुढे कंडक्टर झालो आणि त्याच पदावरून निवृत्त झालो. तिकडे मालगाडीचा कंडक्टर म्हणजे आपल्याकडचा गार्ड, गाडीचा प्रमुख. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भरती झालेले, वाफेच्या इंजिनांवर हात काळे केलेले लोक. मला सगळे 'बॉम्बे' म्हणायचे. भुसावळ बॉम्बेपासून लांब आहे हे समजावून सांगायचा नाद मी लवकरच सोडला. खालच्यातला बराचसा भाग त्या लोकांचा आहे, रात्री कबूसमध्ये शेगडीशेजारी बसून ऐकलेला. कबूस म्हणजे तोच तुमचा लाल डबा. शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या रेल्वेचे लोक त्याला 'वे कार' म्हणत.

प्रदेशाचं थोडं सांगायला हवं. ओहायोपासून नेब्रास्का-कॅन्ससपर्यंतच्या या सपाट पट्ट्यात रेल्वेचं केंद्र एकच, शिकागो. पूर्वेकडच्या रेल्वे कंपन्या तिथे येऊन संपायच्या आणि पश्चिमेकडच्या तिथून सुरू व्हायच्या. त्यामुळे देश ओलांडणारे कितीतरी डबे शिकागोत एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवावे लागत. या सोपवासोपवीसाठी बेल्ट रेल्वे ऑफ शिकागो ही वेगळी कंपनीच १८८२ साली निघाली. तिचं क्लिअरिंग यार्ड आजही चालू आहे. तिथे कृत्रिम टेकाडावरून एकेक डबा सोडून देतात आणि तो उतारावरून आपापल्या रुळावर जातो. आजही देशातल्या रेल्वे मालापैकी सुमारे चौथा हिस्सा शिकागोला शिवून जातो. डबा समुद्रापासून शिकागोपर्यंत दोन दिवसांत येतो आणि शिकागो ओलांडायला आणखी दोन दिवस घेतो, हा तिथला जुना विनोद. विनोद म्हणावा इतका खोटाही नव्हता.

दुसरी गोष्ट पगाराची. मालगाडीवरच्या माणसाचा एक दिवस म्हणजे १०० मैल किंवा आठ तास. ताशी साडेबारा मैल या वेगाने तो हिशोब जुळायचा. १९१६च्या ॲडमसन कायद्याने आठ तासांचा दिवस पक्का केला. साहजिकच माणसं बदलायची ठाणी साधारण १००-१५० मैलांवर पडली आणि तिथे गावं वाढली. शिकागोपासून सुमारे २२० किलोमीटरवर आयोवातलं क्लिंटन, सुमारे २६० किलोमीटरवर इलिनॉयमधलं गेल्सबर्ग. डिझेल आल्यावर हाच पल्ला तीन-चार तासांत होऊ लागला, तरी पगार दिवसाचा. कंपन्यांच्या डोळ्यांत हे सलायचंच. १९८५नंतर दिवसाचा तो १०० मैलांचा आकडा वाढवत वाढवत १३० मैलांवर नेला. जुन्यांना विचाराल तर त्यांच्या नोकरीतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. बर्फ नाही, अपघात नाही, हा आकडा.

तर ती पाच माणसं. इंजिनात तिघं: चालक, भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन आणि पुढचा ब्रेकमन. कबूसमध्ये दोघं: कंडक्टर आणि मागचा ब्रेकमन, ज्याला फ्लॅगमन म्हणत. कंडक्टरकडे प्रत्येक डब्याचे कागद असत, कुठला डबा कुठे सोडायचा हे तो ठरवायचा. कबूसच्या छतावर काचेचा उंचवटा असायचा आणि त्यात बसून गाडीवर नजर ठेवायची. आत कोळशाची किंवा तेलाची शेगडी, दोन बाक, पाण्याची टाकी, भिंतीवर ब्रेकच्या दाबाचं घड्याळ आणि एक झडप. ती झडप ओढली की मागूनही गाडी थांबवता यायची. पूर्वी प्रत्येक कंडक्टरला स्वतःची कबूस नेमून दिलेली असे. लोक पडदे लावत, मटण शिजवत, परगावी मुक्कामाला त्यातच झोपत. मग कंपन्यांनी कबूस सामायिक केल्या, जी मिळेल ती घ्यायची. तेव्हापासून त्या घाण झाल्या, असं प्रत्येक म्हातारा शपथेवर सांगायचा. मी लागलो तोवर त्या खरंच घाण होत्या.

कबूस म्हणजे मजा, असं फोटो पाहून वाटतं. तिथली खरी भीती धक्क्याची. दोन डब्यांच्या जोडात थोडी ढिलाई असते. शंभर डब्यांची मिळून ती बरीच होते. पुढे चालकाने ब्रेक लावला की डबे एकामागून एक आदळत येतात आणि तो आघात शेवटी कबूसमध्ये पोचतो. चालक पुढे हळूच थांबल्यासारखा थांबतो आणि मागे उभा असलेला माणूस शेगडीवर फेकला जातो. कबूसमध्ये चालायचं तर एक हात कायम कशाला तरी धरलेला, ही पहिल्या दिवशीची शिकवण. मोडलेल्या बरगड्या आणि दात यांच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या की कबूस गेल्याचं मला कधी फार दुःख झालं नाही.

ब्रेकमनचं जुनं काम त्याहून वाईट होतं. हवेचे ब्रेक येण्याआधी तो डब्यांच्या छतांवरून धावत जाऊन एकेका डब्याचं चाक हाताने आवळायचा, रात्री, बर्फात. डबे जोडायचे ते मध्ये उभं राहून खिळा घालून. हाताची दहाही बोटं शाबूत असलेला ब्रेकमन म्हणजे नवखा, असं तेव्हा म्हणत. लांब मालगाडीला हवेचे ब्रेक जमतात का याच्या चाचण्या १८८६ आणि १८८७ साली आयोवातल्या बर्लिंग्टनजवळ झाल्या, पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्यांवर. पहिल्या वर्षी मागच्या डब्यांना असे हिसके बसले की हे ब्रेक बनवणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीला ब्रेकची झडप नव्याने घडवावी लागली. दुसऱ्या वर्षाअखेर ती जमली. आयोवातलाच लोरेन्झो कॉफिन नावाचा शेतकरी वर्षानुवर्षे या प्रश्नामागे लागला होता. १८९३ साली कायदा झाला आणि हवेचे ब्रेक व आपोआप जुळणारे जोड सक्तीचे ठरले. तरी छतावरच्या चालायच्या फळ्या १९६६पर्यंत नव्या डब्यांना बसतच होत्या. माझ्या म्हाताऱ्यांपैकी जवळजवळ सगळे त्या फळ्यांवरून चाललेले.

आता दोन टोकांचा संवाद. दिवसा हात, रात्री कंदील. कंदील रुळाला आडवा हलवला की थांब, वरखाली केला की चल, गोल फिरवला की मागे ये. वळणावर किंवा धुक्यात हे दिसायचं नाही, मग शिट्टी. गाडी मध्येच कुठे थांबली तर मागून येणारी गाडी आदळू नये म्हणून फ्लॅगमनने ताबडतोब उतरून मागे चालत जायचं. हातात लाल झेंडा किंवा कंदील, चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारे, रुळावर लावायचे फटाके आणि फ्युझी, म्हणजे लाल ज्वाळेने जळणाऱ्या कांड्या. हा तिथला नियम ९९, आणि तो मोडणाऱ्याची नोकरी राहत नसे. गाडी निघायची वेळ झाली की चालक लांब शिट्ट्या देऊन फ्लॅगमनला परत बोलवायचा. तो पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे गेला असेल तर चार, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे गेला असेल तर पाच. फ्लॅगमन फटाके रुळावर ठेवून, जळती फ्युझी सोडून धावत यायचा. वारा उलटा असेल तर शिट्टी ऐकूच यायची नाही. नेब्रास्कातल्या हिमवादळात असा मैलभर मागे उभा राहिलेला एक जण मला सांगायचा, की त्याला थंडीपेक्षा जास्त भीती गाडी आपल्याला सोडून गेली असेल याची वाटली. गाडी गेली नव्हती. कंडक्टरने झडप ओढून ती धरून ठेवली होती.

समोरून येणाऱ्या किंवा बाजूला उभ्या गाडीची माणसं, स्टेशनवरचे ऑपरेटर, सगळे बाहेर येऊन जाणारी गाडी डोळ्यांखालून घालायचे. काही लोंबतंय का, धूर येतोय का. ठीक असेल तर हात वर. भारतात आजही स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा राहतो, त्यातलाच प्रकार.

पण गाडीला पुढे जायची परवानगी कशी मिळायची, इथे भुसावळचा माणूस चक्रावतो. आपल्याकडे एकेरी मार्गावर टोकन किंवा लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनची परवानगी, असल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नाही. दोन स्टेशनांमध्ये एकावेळी एकच गाडी, आणि ते यंत्राने बांधलेलं. मिडवेस्टमध्ये मैलोनमैल एकेरी रुळांवर असं यंत्र नव्हतंच. होतं काय, तर वेळापत्रक, घड्याळ आणि कागद. वेळापत्रकात कुठली गाडी वरचढ आणि कुठलीने बाजूच्या रुळावर जायचं हे ठरलेलं. वेळापत्रकाबाहेरच्या गाड्या 'एक्स्ट्रा', त्यांच्या इंजिनावर पांढरे झेंडे. काही बदल करायचा असेल तर दूरच्या कार्यालयातला डिस्पॅचर तारेवरून, नंतर टेलिफोनवरून स्टेशनच्या ऑपरेटरला हुकूम सांगायचा. ऑपरेटर तो कांद्याच्या सालीइतक्या पातळ कागदावर कार्बन घालून लिहायचा आणि शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा. कागद इतका पातळ का? रात्री कंदिलासमोर किंवा भट्टीच्या उजेडासमोर धरून वाचता यावा म्हणून.

हुकूम दोन प्रकारचे. ३१ नंबरच्या फॉर्मसाठी गाडी थांबवून सही करावी लागे. १९ नंबरचा चालत्या गाडीला द्यायचे. ऑपरेटर लांब काठीच्या टोकाला दोरीत कागद अडकवून रुळाच्या अगदी जवळ उभा राहायचा. एक प्रत इंजिनातल्या माणसाने हात घालून उचलायची, दुसरी कबूसवाल्याने. ताशी पन्नास मैलांनी जाणारी गाडी, पावसाळी रात्र, आणि त्या कागदावर लिहिलेलं की अमुक ठिकाणी समोरच्या गाडीसाठी बाजूला व्हा. कागद पडला तर गाडी थांबवून मागे शोधत जायचं. पुढे चालकाने आणि मागे कंडक्टरने तोच हुकूम स्वतंत्रपणे वाचायचा हे महत्त्वाचं. चालक ठरलेल्या ठिकाणी वेग कमी करत नाहीये असं दिसलं तर कंडक्टरने झडप ओढायची. पाच माणसं अशी एकमेकांवर पहारा ठेवून होती. हे जिथे फसलं तिथे दोन गाड्या मक्याच्या शेतात समोरासमोर भेटल्या.

या पद्धतीत घड्याळ चुकलं तर सगळंच चुकलं. १८ एप्रिल १८९१ रोजी ओहायोतल्या किप्टनला टपालगाडी आणि प्रवासी गाडी धडकली. एका माणसाचं घड्याळ मध्ये काही मिनिटं बंद पडलं होतं असं चौकशीत पुढे आलं. क्लीव्हलंडचा जवाहिऱ्या वेब बॉल याला घड्याळ तपासणीची व्यवस्था लावायला बसवलं. आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त चूक चालणार नाही, ठरावीक काळाने तपासणी, तपासणीचं कार्ड खिशात. मी लागलो तेव्हाही गाडी सुटण्याआधी चालक आणि कंडक्टर एकमेकांची घड्याळं मिळवून पाहायचे. तोवर बऱ्याच मुख्य मार्गांवर डिस्पॅचर स्वतः दूरवरून सिग्नल आणि सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग, हलवत होता. या पद्धतीची पहिली मोठी उभारणीही मिडवेस्टमधलीच, ओहायोत स्टॅन्ली ते बर्विक, १९२७. ऐंशीच्या दशकात डिस्पॅचरने रेडिओवर हुकूम सांगायचा आणि गाडीवरच्या माणसाने छापील फॉर्म भरायचा असं सुरू झालं आणि गावोगावचे ऑपरेटर घरी गेले. त्यांच्या खिडक्यांना लावलेल्या फळ्या पाहत आम्ही गाड्या न्यायचो.

एक जाता जाता. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावायच्या. सगळी अमेरिका उजवीकडून, हे एकटे डावीकडून. दुसऱ्या कंपन्यांची माणसं तिथे गोंधळायची. मला मात्र घरी आल्यासारखं वाटायचं.

आता तापलेल्या आसाचं. भारतीय रेल्वेवाले ज्याला हॉट ॲक्सल म्हणतात ते तिकडे 'हॉटबॉक्स'. या एका विषयावर म्हातारे सगळ्यात जास्त बोलायचे, म्हणून मीही थोडा रेंगाळतो. जुन्या डब्यांच्या आसाला आजच्यासारखी रोलर बेअरिंग नव्हती. आसाचं टोक धातूच्या साध्या पट्टीखाली फिरायचं आणि खालच्या पेटीत तेलात भिजवलेल्या सुताच्या चिंध्या कोंबलेल्या असायच्या. चिंधी सरकली, तेल आटलं किंवा थंडीत गोठलं की धातू धातूवर घासायचा. आधी वास, मग धूर, मग ज्वाळा. वेळेत थांबलात नाहीत तर आसाचं टोक वितळून तुटतं आणि डबा रुळावरून घसरतो.

हे पकडणारं यंत्र म्हणजे कबूसमधल्या माणसाचं नाक. गाडी मोठ्या वळणावर आली की कंडक्टर एका बाजूने आणि ब्रेकमन दुसऱ्या बाजूने मान बाहेर काढून पूर्ण गाडी पाहायचे. जळक्या तेलाचा वास आणि जळक्या ब्रेकचा वास त्यांना वेगळा ओळखता यायचा. एक म्हातारा तर नुसत्या वासावरून कोळसा जळतोय की चिंधी हे सांगायचा, आणि बहुधा बरोबर निघायचा. मग गाडी थांबवायची, बादली, नव्या चिंध्या आणि तेल घेऊन चालत जायचं, पेटी उघडून भरायची. नाहीच जमलं तर तो डबा पुढच्या बाजूच्या रुळावर सोडून द्यायचा. रोलर बेअरिंग आल्यावर हा त्रास खूपच घटला. पन्नासच्या दशकाच्या अखेरपासून रुळाशेजारी उष्णता मोजणारी यंत्रं बसू लागली. पुढे ती रेडिओवर बोलायला लागली. गाडी पुढे निघून गेली की यंत्राचा कोरडा आवाज यायचा: इतके आस, दोष नाही.

यंत्र नाकापेक्षा चांगलं की वाईट? माझं मत, चांगलं, पण ते जिथे बसवलंय तिथेच. ३ फेब्रुवारी २०२३ला ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला १४९ डब्यांच्या गाडीचे ३८ डबे घसरले आणि घातक रसायनं सांडली, तेव्हा कारण तापलेलं बेअरिंगच होतं. रुळाशेजारच्या तीन यंत्रांनी त्याचं तापमान टिपलं होतं: पहिल्याने हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअस जास्त, दुसऱ्याने ५७, तिसऱ्याने १४१. पहिले दोन आकडे थांबवण्याच्या मर्यादेखाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रात अंतर सुमारे ३२ किलोमीटर. तिसऱ्याने इशारा दिला आणि चालक गाडी थांबवतच होता, पण तोवर उशीर झाला होता. हे वाचून निवृत्त मंडळींचे फोन आले, 'कबूस असती तर?' मी प्रामाणिकपणे सांगितलं: बेअरिंग पुढून तेविसाव्या डब्याचं होतं. रात्रीच्या वेळी सुमारे दीड मैल मागे बसलेल्याला ज्वाळा दिसल्या असत्या की नाही, मी छातीठोक सांगणार नाही. उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या माणसाला किंवा स्टेशनवरच्या ऑपरेटरला मात्र दिसल्या असत्या. ते ऑपरेटर आता उरलेले नाहीत.

हिवाळ्याबद्दल सगळेच विचारतात. २० जानेवारी १९८५ला शिकागोत पारा शून्याखाली ३२ अंशांच्या पलीकडे गेला, आजवरचा नीचांक. अशा थंडीत अडचण इंजिनाची कमी आणि हवेची जास्त. ब्रेकची नळी गाडीभर जाते आणि प्रत्येक डब्याच्या जोडाला रबरी होज. थंडीत रबर कडक होतं, हवा गळते आणि लांब गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत पुरेसा दाबच पोचत नाही. मग गाडी छोटी करा किंवा मध्ये इंजिन लावा. लोखंडही ठिसूळ होतं. डब्यांच्या जोडातला जो मुठीसारखा भाग असतो तो अचानक तुटतो. त्याचं वजन जवळपास चाळीस किलो. तो खांद्यावर घेऊन गुडघाभर बर्फातून गिट्टीवरून चालत जायचं. कबूस होती तेव्हा मागच्या अर्ध्या गाडीत तुटलं तर मागचा माणूस जायचा. नंतर पुढून एकटा कंडक्टर, आणि गाडी दोन-तीन किलोमीटरची. शिकागोत बर्फाने सांधे अडकू नयेत म्हणून रुळांशेजारी ज्वाळा पेटवतात. रूळ जळतायत असं समजून नवे लोक पोलिसांना फोन करायचे.

शाखा मार्गांची गोष्ट वेगळी. आयोवा-इलिनॉयमध्ये दर काही मैलांवर धान्याचं उंच कोठार आणि तिथपर्यंत गवतात बुडालेला रूळ. पूर्वी धान्य साध्या बंद डब्यांतून जायचं, दाराला आतून लाकडी किंवा पुठ्ठ्याची फळी ठोकून. फळी हलली की मैलभर रुळांवर मका. सत्तरच्या दशकात यातल्या अनेक रेल्वेकडे दुरुस्तीला पैसाच नव्हता. रॉक आयलंड ही नावाजलेली कंपनी १९७५मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ मार्च १९८०ला कायमची बंद झाली. तिच्या काही मार्गांवर ताशी दहा मैलांची मर्यादा होती. उभा असलेला डबा खालचे स्लीपर सडल्यामुळे जागच्या जागी घसरल्याच्या गोष्टी तिथली माणसं सांगायची, हसत हसत. ती माणसं पुढे दुसऱ्या कंपन्यांत आली तेव्हा वीस-पंचवीस वर्षांची सेवा मागे टाकून, यादीत तळाला. सीनियॉरिटी कंपनीबरोबर मेली. पन्नाशीच्या माणसाला नव्या पोरांच्या मागे रात्रपाळीचे उरलेसुरले फेरे घेताना मी पाहिलंय. १९८०च्याच ऑक्टोबरमध्ये स्टॅगर्स कायद्याने कंपन्यांना दर ठरवायची आणि तोट्याचे मार्ग सोडायची मोकळीक दिली. मालवाहतूक त्यानंतर सावरली हे खरं. कोठारं असलेली कित्येक गावं मात्र रुळावरून उतरली, हेही खरं.

आणि या आठवणी सांगणारे बहुतेक गोरे पुरुष होते, हे लपवण्यात अर्थ नाही. काळ्या कामगारांना कित्येक दशकं चालक किंवा कंडक्टर होऊच दिलं जात नसे, युनियनही त्यात सामील. रुळांची कामं करणारे मेक्सिकन लोक ऑरोरा, गेल्सबर्गसारख्या ठिकाणी जुन्या मालडब्यांच्या वस्त्यांत कुटुंबासह राहत. त्यांच्या आठवणी कबूसमध्ये कोणी सांगत नसे. मला त्या गेल्सबर्गच्या एका मेक्सिकन शेजारणीकडून कळल्या. तिचा जन्मच तसल्या डब्यातला.

आता झोप. बाहेरच्यांना वाटतं रेल्वेवाल्याला इंजिनं आठवतात. त्याला हुकलेली झोप आठवते. मालगाडीला वेळापत्रक नसतं, बोलावणं येईल तेव्हा निघायचं. पूर्वी कॉलबॉय दारावर येऊन वहीवर सही घ्यायचा, भुसावळलाही तसंच होतं. नंतर फोन. बोलावणं आल्यापासून दीड-दोन तासांत हजर. कायद्याने कामाची मर्यादा १९०७ साली १६ तास ठरवली. १९६९च्या दुरुस्तीने ती आधी १४ आणि मग १२ झाली. मर्यादा संपली की गाडी जिथे असेल तिथे सोडायची, मग ते गाव असो की मक्याचं शेत, आणि दुसरी माणसं व्हॅनमधून येऊन ती पुढे नेणार. पण बारा तास संपल्यावर व्हॅनची वाट पाहत त्याच इंजिनात बसून राहायचं आणि मग परगावच्या विश्रांतिगृहात झोपायचं, तोही काळ आयुष्यातलाच. घरचे वाढदिवस, बारशी, मयती, सगळ्यांचा हिशोब बोलावण्यावर. २००८च्या कायद्याने मधली विश्रांती सलग दहा तास केली आणि त्या वेळात कंपनीने फोनही करायचा नाही असं ठरवलं. २०२२मध्ये संपाची वेळ आली तेव्हा भांडण पगारापेक्षा आजारपणाच्या रजेचं होतं. शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून करार लादला. जुन्या लोकांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

पाचाची दोन माणसं कशी झाली तेही सांगतो. डिझेलवर कोळसा टाकायचा नसतो, त्यामुळे पहिला गेला फायरमन. त्यावर वर्षानुवर्षे झगडा झाला. १९६३मध्ये काँग्रेसने लवाद बसवला आणि मालगाड्यांवरचे बहुतेक फायरमन हळूहळू संपले. १९८२च्या राष्ट्रीय कराराने कबूस काढायचा रस्ता मोकळा केला. शेवटच्या डब्याच्या जोडाला एक पेटी लावायची, तिच्यावर लुकलुकणारा दिवा आणि आत रेडिओ. ती मागच्या टोकाचा हवेचा दाब इंजिनात कळवते. पुढच्या काळात ती पुढून हुकूम आल्यावर मागूनही ब्रेक लावू लागली. म्हाताऱ्यांनी तिला खूप शिव्या दिल्या. मीही दिल्या. पण मागचा दाब चालकाला क्षणाक्षणाला दिसणं ही कबूसने कधीच न दिलेली गोष्ट होती, आणि त्यामुळे माणसं वाचली. नंतर ब्रेकमन एकेक करून गेले. उरले चालक आणि कंडक्टर, दोघंही इंजिनात. एकट्यावर गाडी चालवायची टूम बऱ्याचदा निघाली. एप्रिल २०२४मध्ये सरकारने नियम केला की काही अपवाद सोडता दोन माणसं हवीत. मला तो पटतो. तुटलेला जोड बदलायला कोणीतरी खाली उतरावंच लागतं, आणि तो उतरला की इंजिनात कोणीतरी बसावंच लागतं.

कोणाचा मुलगा-मुलगी शिकागोकडे असेल आणि हे बघायचं असेल, तर तीन जागा. युनियन या गावातलं इलिनॉय रेल्वे म्युझियम, तिथे कबूसमध्ये चढता येतं. रोशेल, शिकागोच्या पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटर, जिथे दोन मोठ्या कंपन्यांचे मुख्य मार्ग एकमेकांना छेदतात आणि बघणाऱ्यांसाठी बागच केलेली आहे. सोबत रेडिओ स्कॅनर न्या, रुळाशेजारच्या यंत्राचं बोलणं ऐकू येईल. आणि जून अखेरीस गेल्सबर्गचा रेल्वे उत्सव. तिथे निवृत्त मंडळी खुर्च्या टाकून बसलेली असतात. त्यांना 'कसं होतं हो काम?' असं विचारलंत तर 'बरं होतं' एवढंच मिळेल. सीनियॉरिटीची तारीख विचारा. लग्नाची चुकेल, ही चुकणार नाही, आणि त्यानंतर तुम्हाला दुसरा प्रश्न विचारायची गरज पडत नाही.